टायमिंग बेल्ट बदलताना खुणा कशा जुळवायच्या: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, जे स्वतः पाना हातात घेऊन हात काळे करतात. दुसरे, जे मिस्त्रीच्या शेजारी चहा घेत उभे राहतात आणि "झालं का?" एवढंच विचारतात. दुसऱ्यांनी निदान "हाताने दोन फेरे फिरवले का?" हा प्रश्न तरी वाचून जावा.

टायमिंगच्या खुणा म्हणजे नेमकं काय?

क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, आणि कॅम म्हणजे वॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) उघडणारा वरचा दांडा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून क्रँकच्या पुलीला जितके दात असतात त्याच्या बरोबर दुप्पट कॅमच्या पुलीला असतात. पिस्टन वर आला त्या वेळी कोणता वॉल्व्ह उघडा आणि कोणता बंद, हे या दोघांच्या मेळावर ठरतं आणि तो मेळ बेल्ट सांभाळतो. बेल्ट उतरवला की क्रँक आणि कॅम एकमेकांपासून मोकळे होतात. ते पुन्हा त्याच जागी यावेत म्हणून कंपनी पुल्यांवर ठिपका, रेघ, खाच किंवा छिद्र ठेवते आणि त्याची जोडीदार खूण ब्लॉकवर (इंजिनाचा मुख्य सांगाडा), ऑइल पंपावर किंवा हेडवर (त्याच्या वरचा, वॉल्व्ह असलेला भाग) देते. दोन्हीकडे जोड्या समोरासमोर आल्या की त्याला आपल्याकडे "मार्क टू मार्क" म्हणतात.

माझ्या गाडीला बेल्ट आहे की चेन?

जुनी मारुती ८००, अल्टो ८००, एस्टीम, जुनी झेन, सँट्रो, ॲक्सेंट पेट्रोल, शेव्हर्ले स्पार्क, डिझेल इंडिका यांना बेल्ट. रेनोचं १.५ डीसीआय हे डिझेल इंजिन असलेल्या डस्टर, टेरानो, डिझेल सनी आणि मायक्रा यांनाही बेल्ट. इनोव्हाच्या जुन्या २.५ डिझेलला बेल्ट आहे, क्रिस्टाच्या २.४ ला चेन. मारुतीची के-सिरीज आणि स्विफ्ट डिझेलचं १.३ इंजिन चेनवर चालतं.

नाशिकमध्ये या यादीत बसणारी आणखी एक गाडी जरा जास्त दिसते, ती म्हणजे लोगन आणि पुढे तिचंच नाव बदलून आलेली व्हेरिटो. २००७ साली बाजारात आलेली लोगन महिंद्राच्या इथल्याच कारखान्यात बनायची, त्यामुळे सातपूर-अंबडकडे तिचे मालक आणि तिची नस माहीत असलेले मिस्त्री अजूनही सापडतात. तिच्या डिझेलला तेच १.५ डीसीआय आहे, म्हणजे बेल्टच.

मित्राच्या त्याच नावाच्या गाडीवरून ठरवू नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोलला एक आणि डिझेलला दुसरं, असं सर्रास असतं. मॅन्युअलमध्ये देखभालीच्या तक्त्यात बेल्ट बदलण्याची ओळ असेल तर बेल्ट आहे.

किती किलोमीटरला बदलायचा?

मॅन्युअल सांगेल तेवढ्याला. बऱ्याच गाड्यांत तो आकडा ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान असतो आणि सोबत वर्षांचीही मर्यादा दिलेली असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. "गाडी फक्त कॉलेज रोड ते गंगापूर रोड चालते, चाळीस हजारच झालेत" हे कारण आठ-दहा वर्षांच्या रबराला कळत नाही. आणि द्वारका चौकात इंजिन चालू ठेवून अडकलेला वेळ मीटरवर चढत नाही, बेल्टवर मात्र चढतो.

द्राक्षवाल्या मंडळींचा वेगळा घोळ असतो. माल निघेपर्यंत गाडी एक दिवसही बंद ठेवता येत नाही, म्हणून काम "हंगाम झाल्यावर" जातं. मग हंगामानंतर लग्नसराई येते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकून टाका.

बेल्ट तुटला तर फक्त गाडी बंद पडते ना?

काही इंजिनांत तेवढंच होतं. पण बऱ्याच इंजिनांत पूर्ण वर आलेला पिस्टन आणि पूर्ण उघडलेला वॉल्व्ह एकाच जागेवर हक्क सांगतात. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, क्रँक मात्र जोरात असल्याने फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो. वॉल्व्ह वाकतात, कधी गाइड जातात, कधी पिस्टनवर खड्डा पडतो. मग हेड उतरवा, लेथवर पाठवा, गॅस्केट नवं घाला. बेल्ट किटच्या कितीतरी पट खर्च.

कसारा घाटात गाडी बंद पडली, धक्का स्टार्ट करून बघू का?

नको. सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि सरसर फिरत असेल, मधला दमदार ठेका ऐकू येत नसेल, तर बेल्ट गेल्याची शंका घ्या आणि तिथेच थांबा. बेल्ट पूर्ण तुटलेला नसून काही दात सरकला असेल, तर वॉल्व्ह अजून शाबूत असू शकतात. प्रत्येक धक्का आणि प्रत्येक सेल्फ ती शक्यता घालवतो. वरचं प्लास्टिकचं कव्हर बहुधा क्लिपांवर किंवा दोन-चार बोल्टांवर असतं. ते सैल करून टॉर्चने बघा आणि गाडी उचलून आणायची सोय करा.

खुणा जुळवायला सुरुवात कुठून करायची?

जुना बेल्ट जागेवर असतानाच. आधी बॅटरीची वायर काढा. इंजिन थंड हवं. स्पार्क प्लग काढून ठेवले तर क्रँक हाताने सहज फिरतो आणि हवा तिथे अलगद थांबवता येतो. नाहीतर कॉम्प्रेशनमुळे तो खुणेजवळ आल्यावर उडी मारून पुढे जातो.

क्रँक फिरवायचा तो क्रँकच्याच बोल्टवर गोटी पाना लावून, आणि इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने. पुलीच्या बाजूने बघितलं तर बहुतेक गाड्यांत ती घड्याळाच्या काट्यांची दिशा. होंडा सिटीची सुरुवातीची १.३ आणि १.५ ही इंजिनं मात्र उलटी फिरतात, त्यामुळे सवयीने पाना लावू नका. कॅमच्या बोल्टवर जोर देऊन अख्खं इंजिन फिरवणं हा तर बेल्ट आणि बोल्ट दोन्हींवर अन्याय.

खुणा समोरासमोर आल्या की मोबाइलवर फोटो काढा, फ्लॅश चालू ठेवून आणि कॅमेरा पुलीच्या अगदी समोर धरून. मग बेल्ट सोडा.

क्रँकला दोन खुणा दिसतात. खरी कोणती?

बाहेरच्या मोठ्या पुलीवर, म्हणजे जिच्यावर अल्टरनेटरचा बेल्ट चढतो, एक खाच असते आणि शेजारी अंशांची पट्टी असते. ती इग्निशन टायमिंग बघण्यासाठी. टायमिंग बेल्टसाठी धरायची ती आतल्या दातांच्या पुलीवरची खूण, आणि ती बाहेरची पुली काढल्याशिवाय दिसत नाही. बाहेरच्या पुलीत बऱ्याचदा मध्ये रबर असतं. रबर सुटलं की बाहेरचा कडा आतल्या भागावर सरकतो आणि खाच भलतीकडे जाते. अशा खाचेवर भरवसा ठेवून घातलेला बेल्ट चुकतोच.

क्रँकची खूण जुळली, पण कॅमची खूण खालच्या बाजूला आहे!

घाबरू नका, क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा. क्रँकची खूण दोन फेऱ्यांत दोनदा जागेवर येते, कॅमची एकदाच. क्रँककडे बघून तुम्ही कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात आहात की एक्झॉस्टच्या, हे कळत नाही. ते कॅमच सांगतो. खात्रीसाठी जुनी युक्ती आहे: पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि क्रँक फिरवा. हवा बोट उचलायला लागली की तो फेरा कॉम्प्रेशनचा.

खुणा दिसतात तरी कशा? प्रत्येक इंजिनात वेगळ्या का असतात?

प्रत्येक कंपनीची आपापली रीत. एस्टीमच्या पिढीतल्या सुझुकी इंजिनांत कॅमच्या पुलीवर इंग्रजी 'ई' अक्षराची खूण असते, ती वरच्या 'व्ही' आकाराच्या खाचेला लावायची. खाली क्रँकच्या पुलीवर पंचचा ठिपका आणि ऑइल पंपावर बाण. ॲक्सेंटच्या १.५ पेट्रोलमध्ये कॅमच्या पुलीला एक गोल छिद्र असतं. त्यातून आत बघितलं की मागच्या बेअरिंग कॅपवरची लाल खूण दिसली पाहिजे.

रेनोच्या १.५ डीसीआयमध्ये नुसत्या नजरेवर काम भागत नाही. तिथे पिना लागतात. एक पिन ब्लॉकमध्ये स्क्रूसारखी आत जाते आणि क्रँक तिला टेकवून थांबवायचा. दुसरी कॅमच्या पुलीच्या छिद्रातून हेडमध्ये जाते. त्याच बेल्टवर डिझेलचा हाय प्रेशर पंप फिरतो, त्यामुळे पंपाच्या पुलीची खूणही बघावी लागते. कॅमची पिन हाताने अलगद आत जायला हवी. हातोडीने ठोकावी लागत असेल, तर बहुधा क्रँक खालच्या पिनला नीट टेकलेलाच नाही. आधी तिकडे बघा. आणि पिना फक्त जागा दाखवण्यासाठी आहेत. त्या घालून क्रँकचा किंवा कॅमचा बोल्ट सोडायला गेलात तर पिन वाकते, नाहीतर ब्लॉक दुखावतो.

पिनऐवजी ड्रिल बिट घालणारे पुष्कळ आहेत. नेमक्या जाडीचा, सरळ दांड्याचा असेल तर जागा दाखवायला चालून जातो. सैल बसणारा मात्र खोटी खात्री देतो आणि तीच महागात पडते.

जुन्या बेल्टवर आणि पुलीवर व्हाइटनरने रेघा मारल्या तर?

मारा, चांगली सवय आहे. जुन्या बेल्टवरच्या रेघांमधले दात मोजून नव्यावर तशाच रेघा उतरवता येतात. त्याच वेळी दोन्ही बेल्ट शेजारी धरून एकूण दात आणि रुंदीही तपासा. मात्र या पद्धतीत एक गोम आहे: जुना बेल्ट आधीच एक दात सरकलेला असेल, तर तुम्ही चूकच इमानेइतबारे नव्यावर उतरवाल. म्हणून कंपनीची खूण आधी, व्हाइटनर नंतर.

बेल्ट चढवताना एक दात हमखास सरकतो. का?

या पानावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा ढिलाईत असतं. बेल्टची एक बाजू ताणाची असते, म्हणजे जिथून क्रँक कॅमला ओढतो ती. दुसऱ्या बाजूला टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारी पुली असते. ताणाच्या बाजूला बेल्ट जराही ढिला राहिला, तर खुणा त्या क्षणी जुळलेल्या दिसतात. पण टेन्शनर सोडला की तो आपल्या बाजूचा बेल्ट ओढतो, ताणाच्या बाजूची ढील संपते आणि कॅम किंवा क्रँक तेवढा वळतो. मग लोक म्हणतात, "आत्ता तर बरोबर होतं!"

म्हणून क्रम असा ठेवा. आधी क्रँकच्या पुलीवर बेल्ट बसवा आणि तिथे बोटाने दाबून धरा. ताणाच्या बाजूने तो ताठ वर न्या आणि कॅमच्या दातांत बसवा. दात एका केसाने अडत असेल तर कॅम पान्याने किंचित हलवून दात बसवा आणि परत खुणेवर आणा, म्हणजे ती बाजू ताणली जाते. मग वॉटर पंप, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी मोकळी पुली), आणि शेवटी टेन्शनर. जी काही ढील असेल ती टेन्शनरच्या पदरात पडली पाहिजे. कॅमच्या पुलीवर चढवलेला भाग निसटू नये म्हणून कागदाचा चिमटा लावून ठेवणं बेकायदेशीर नाही. फक्त काढायला विसरू नका.

ट्विन कॅम असेल तर दोन कॅमच्या मधला पट्टाही असाच ताठ हवा. वॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे बेल्ट काढताच एखादा कॅम खट्‌कन फिरतो, म्हणून तिथे कॅम लॉक करण्याचं टूल वापरतात.

बेल्ट नसताना कॅम फिरला. आता?

क्रँक खुणेवर असताना कॅम घुमवू नका, वॉल्व्ह पिस्टनला टेकतील. चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात क्रँक खुणेपासून पाव फेरा मागे घेतला की चारही पिस्टन मधोमध येतात. मग कॅम हळूच खुणेवर आणा आणि क्रँक पाव फेरा पुढे घेऊन परत खुणेवर या. ८०० आणि अल्टोसारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात सगळे पिस्टन एकदम मध्यावर येतील अशी जागाच नसते, तिथे त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलंय तसंच करा. कुठेही अडलं की जोर लावू नका. अडणं म्हणजे बहुधा धातू धातूला लागलाय.

हाताने दोन फेरे कशासाठी? खुणा तर जुळल्यात.

बेल्ट सगळ्या पुल्यांवर आपापल्या जागी बसावा आणि टेन्शनरने खरी ढील खेचावी, म्हणून. क्रँकचे दोन पूर्ण फेरे झाले की कॅमचा एक होतो आणि दोन्हीकडच्या खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत. आल्या तर पुढे जा. एक दात इकडे-तिकडे असेल तर टेन्शनर सोडून परत बसवा. "चालेल एवढं" असं इथे काही नसतं. फिरवताना मध्येच कडक अडलं तर तिथेच थांबा. हाताने अडलेलं परवडतं, सेल्फने अडलेलं परवडत नाही.

टेन्शनरला काटा आणि खाच असेल तर ती जुळणीसुद्धा या दोन फेऱ्यांनंतर बघायची, आधी नाही.

दोन फेऱ्यांनंतर पुल्यांच्या खुणा जुळल्या, पण बेल्टवर छापलेल्या रेघा कुठल्या कुठे गेल्या!

तशाच जाणार. बेल्टवरच्या रेघा फक्त चढवण्याच्या वेळी उपयोगी असतात. समजा क्रँकला २० दात, कॅमला ४० आणि बेल्टला १०१ आहेत. दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दात पुढे जातो, म्हणजे त्याचा स्वतःचा निम्मा फेराही होत नाही. अशा इंजिनात तिन्ही खुणा पुन्हा एकत्र यायला क्रँकचे २०२ फेरे लागतील. रेघा हलल्या म्हणून बेल्ट काढून परत घालणारे भेटतात. उगाच मेहनत. पुलीची खूण आणि इंजिनाची खूण, एवढंच बघा.

एक दात चुकला तर गाडी चालू होते का?

बऱ्याचदा होते, आणि म्हणूनच ते लक्षात येत नाही. वरच्याच उदाहरणात क्रँकच्या २० दातांपैकी एक दात म्हणजे १८ अंश. एवढ्या फरकाने गाडी शहरात "ठीक" वाटते, पण इगतपुरीकडच्या चढाला पिकअप मेलेला असतो, ॲव्हरेज पडतं, आयडलिंगला इंजिन थरथरतं. सेन्सरवाल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी ००१६ सारखा क्रँक-कॅमचा मेळ नसल्याचा कोड येतो. तो कोड आला की सेन्सर बदलत बसण्याआधी कव्हर उघडून खुणा बघा. दोन-तीन दात चुकले तर बऱ्याच इंजिनांत वॉल्व्ह वाकू शकतात.

ताण किती ठेवायचा?

ऑटो टेन्शनर असेल तर काटा खाचेवर, विषय संपला. हाताने ताण द्यायचा असेल तर सर्वांत लांब पट्टा दोन बोटांत धरून पाव वळसा पिळून बघण्याची जुनी पद्धत आहे. तो अंदाज आहे, माप नाही. फार घट्ट बेल्ट कूं-कूं वाजतो आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. ढिला दात सोडतो.

फक्त बेल्ट बदलला तर चालेल का? किट कशाला?

चालेल, जर पुढच्या वर्षी तेच सगळं परत उघडायचं असेल तर. टेन्शनर आणि आयडलरची बेअरिंगं बेल्टइतकीच फिरलेली असतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही आत्ताच. क्रँक आणि कॅमचे ऑइल सील बघा, कारण तेल किंवा कूलंट लागलेला बेल्ट लवकर फुगतो आणि सुटतो. गळती न थांबवता नवा बेल्ट घालू नका. काही इंजिनांत क्रँकचा बोल्टही एकदाच वापरायचा असतो. इकोस्पोर्टच्या १.० पेट्रोलचा बेल्ट मात्र मुळातच तेलात चालतो, तिथे सांगितलेलंच ऑइल घालणं महत्त्वाचं.

नवा बेल्ट दुमडू नका, उलटा करू नका, किल्लीच्या रिंगसारखा पिळू नका. आतले काचतंतू तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दिशेचा बाण असेल तर तो इंजिन फिरतं त्या बाजूला.

काम झाल्यावर जुना बेल्ट मागून घ्यावा का?

जरूर. पाठीवरचा पार्ट नंबर नव्याच्या खोक्यावरच्या नंबरशी ताडून बघा. कडा झिजलेली असेल तर एखादी पुली किंवा टेन्शनर तिरका आहे, आणि ते मिस्त्रीला नवा बेल्ट चढवण्याआधीच दाखवलेलं बरं. दातांच्या मुळाशी भेगा असतील तर तुम्ही उशीर केलात. बोटाला तेल लागलं तर सील बदलले का ते विचारा.